पत्त्यावरचं यॉर्क: इंग्लंडातल्या शहराच्या नावाचं मूळ कसं शोधावं

आमच्या इंदिरानगरात आता एकही गल्ली अशी उरली नाही, जिथलं कुणी ना कुणी बाहेर नाही. लीड्स, लेस्टर, डर्बी, रेडिंग ही नावं आईबाप इतक्या सहज घेतात, जणू मनमाडच्या पुढचंच स्टेशन. पण "हे डर्बी म्हणजे काय हो?" असं विचारलं की सगळे गप्प. मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होतो. नोकरीभर नाशिकरोडला उभं राहून गावांची नावं खणांत टाकली, त्यामुळे नाव दिसलं की ते आलं कुठून हे विचारायची खोड अंगातच मुरली आहे. भाची यॉर्कला नोकरीला लागली तेव्हा तिने फोनवर विचारलं, "मामा, इथे सगळे म्हणतात की यॉर्क हे नाव व्हायकिंग लोकांनी ठेवलं. खरं आहे का?" मी म्हटलं, "बघून सांगतो गं."

बघता बघता एक पद्धत बसली, ती इथे देतो. शहर कुठलंही घ्या, चालेल. मी यॉर्क धरून सांगतो, कारण त्या एका नावावरून पाच भाषा बोलणारे लोक गेलेत आणि बहुतेकांनी आपला हात त्यावर फिरवलाय.

आजचं नाव फोडू नका

पहिला नियम हा, आणि सगळ्यात जास्त मोडला जातो तोही हाच. केंब्रिज घ्या. नदीचं नाव कॅम, ब्रिज म्हणजे पूल, म्हणजे कॅम नदीवरचा पूल. इतकं सरळ की शंका घ्यायलाही जागा नाही. पण इसवी सन ८७५ च्या हकिकतीत हेच गाव 'ग्रांटेब्रिज' म्हणून येतं आणि १०८६ च्या नोंदीत 'ग्रेंटेब्रिज' म्हणून. नदीचं नाव होतं ग्रांटा. बोलता बोलता लोकांनी गावाचं नाव घासून केंब्रिज केलं, आणि मग गाव केंब्रिज आहे तर नदी कॅमच असणार असं धरून नदीचं बारसं नव्याने केलं! वरच्या अंगाला तिला अजूनही ग्रांटा म्हणतात. आजचं नाव फोडून बसलेला माणूस इथे उलटा चालत जातो.

म्हणून आधी जुनी रूपं गोळा करायची. अर्थाचं नंतर.

वहीत रकाने आखा

साधी वही घ्या, चार रकाने पाडा: साल, कसं लिहिलंय, कसं म्हणत असतील, कुणी लिहिलं. तिसरा रकाना देवनागरीत भरा. इथे आपल्याला एक आयता फायदा आहे. इंग्रजी स्पेलिंग डोळ्याला फसवतं, पण तोच उच्चार देवनागरीत उतरवला की दोन रूपांमधलं नातं चटकन दिसतं.

जुनी रूपं मिळतात कुठे? नॉटिंगहॅम विद्यापीठाचं 'की टू इंग्लिश प्लेसनेम्स' हे संकेतस्थळ फुकट आहे. नाव टाकलं की त्यातले शब्द कुठल्या भाषेतले आणि अर्थ काय, ते थोडक्यात येतं. सुरुवात तिथून करा, पण तिथे थांबू नका, कारण ते उत्तर देतं, उत्तराची वाट देत नाही. वाट हवी असेल तर इंग्लिश प्लेसनेम सोसायटीचे खंड. ही संस्था १९२३ पासून एकेक परगणा घेऊन गावांची, शेतांची, ओढ्यांची नावं जुन्या कागदांतून सालासकट काढते आहे. खंड शोधताना एक ध्यानात ठेवा. यॉर्कशायरचे तीन विभाग होते, त्यांना रायडिंग म्हणत, आणि यॉर्क शहर तिन्हींच्या मधे. शहराचं नाव ईस्ट रायडिंगच्या खंडात घातलंय, तो १९३७ चा. नॉर्थ रायडिंगच्या खंडात पानं उलटत बसाल तर हाताला काही लागायचं नाही.

तिसरी जागा म्हणजे डोम्सडे बुक. विल्यम राजाने इंग्लंड जिंकल्यावर कर कुठून किती येतो हे पाहायला १०८६ मध्ये गावोगावची नोंद करवून घेतली. 'ओपन डोम्सडे' या संकेतस्थळावर त्याच्या मूळ पानाचं चित्रही दिसतं. लंडन त्यात नाही, विंचेस्टर नाही, वर उत्तरेचा पुष्कळ भागही नाही. त्यामुळे तुमचं शहर सापडलं नाही तर ते तेव्हा नव्हतंच असं म्हणून मोकळे होऊ नका.

हे वाचताना अक्षरांची एक गोम माहीत हवी. त्या काळी 'यू' आणि 'व्ही' ही अक्षरं वेगळी धरत नसत. डोम्सडेत यॉर्कचं नाव 'ई-यू-आर-यू-आय-सी' असं दिसतं. सरळ वाचलं तर 'युरुइक', म्हणजे काहीच नाही. पहिल्या 'यू'ला 'व्ही' धरा आणि दुसऱ्याला डब्ल्यूसारखा व धरा, की 'एव्हरविक' ऐकू यायला लागतं. तसंच जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मधे 'एफ' आला तर तो 'व्ह' म्हणायचा. एवढ्या दोन गोष्टींनी निम्मी कोडी सुटतात.

यॉर्कचं पान

आता माझ्या वहीतलं पान.

सगळ्यात वरची ओळ इसवी सन १०० च्या आसपासची: 'एबुराकी'. ही सापडली विंडोलँडा या रोमन ठाण्यात, उत्तर इंग्लंडात, हेड्रियन या रोमन सम्राटाची भिंत पुढे जिथून गेली तिच्या जवळ. तिथल्या ओल्या मातीत लाकडाच्या पातळ फळ्या टिकून राहिल्या. त्यांवर शिपायांचे हिशेब आहेत, रजेचे अर्ज आहेत, वाढदिवसाचं आमंत्रणसुद्धा आहे. त्यांतल्या एका फळीवर यॉर्कचं नाव आलंय आणि ते आलंय पत्त्यात! यॉर्कचं लिहिलेलं सगळ्यात जुनं नाव म्हणजे टपालावरचा पत्ता. हे वाचलं तेव्हा मी बायकोला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला पत्त्याशिवाय दुसरं दिसतं काय?"

दुसरी ओळ साधारण १५० ची: 'एबोराकॉन'. लिहिणारा टॉलेमी, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा भूगोलकार. त्याने त्या वेळी माहीत असलेल्या जगातली गावं अक्षांश-रेखांशांसह मांडली. दुसऱ्या भागात ब्रिटन येतं आणि त्यात एबोराकॉन. सातव्या भागात हिंदुस्थान येतो आणि त्यात कोण? 'नासिका'. म्हणजे भाचीचं गाव आणि मामाचं गाव एकाच ग्रंथात, एकाच माणसाच्या यादीत. सॉर्टिंगच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या कपाटात, शेजारचे खण नसतील, पण कपाट एकच.

तिसरी ओळ इंग्रजांच्या पूर्वजांची, म्हणजे अँग्लो-सॅक्सन लोकांची: 'एओफरविक', म्हणायचं एओव्हरविक. चौथी नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची: 'योरविक'. पाचवी १०८६ ची, तीच वर सांगितलेली 'एव्हरविक'. आणि तेराव्या शतकापासून आजच्यासारखं 'यॉर्क' दिसू लागतं.

आता हे नुसतं उभं वाचत या: एबुराकी, एबोराकॉन, एओव्हरविक, योरविक, यॉर्क. कुठेही नाव नवं ठेवलेलं नाही. एकच नाव या तोंडातून त्या तोंडात गेलंय.

तोंड कुणाचं होतं ते पाहा

रकाने भरले की चौथ्या रकान्याकडे या. प्रत्येक रूपाशेजारी त्या वेळी तिथे राज्य कुणाचं आणि लोक बोलत काय, ते लिहा.

रोमन लोकांनी यॉर्कचा किल्ला इसवी सन ७१ मध्ये बांधला, नवव्या लीजनने, म्हणजे त्यांच्या फौजेतल्या एका मोठ्या तुकडीने. लॅटिनमध्ये नाव झालं एबोराकुम. पण नाव त्यांचं नव्हे. त्यांच्या आधी तिथे ब्रिटन लोक होते, आजच्या वेल्श भाषेच्या पूर्वजाची भाषा बोलणारे. त्यांचा शब्द 'एबुराकॉन'. शेवटचं 'आकॉन' म्हणजे अमुक गोष्टीची जागा. आणि 'एबुर' म्हणजे यू नावाचं झाड. सूचीपर्णी, गर्द हिरवं, शेकडो वर्षं जगणारं. त्याचा भाऊबंद आपल्याकडे हिमालयात असतो, गढवालात त्याला थुनेर म्हणतात. तर एबुराकॉन म्हणजे यूच्या झाडांची जागा. काही अभ्यासक म्हणतात 'एबुरोस' नावाच्या माणसाची जागा. त्या काळी झाडावरून माणसाचं नाव पडत असे, तेव्हा दोन्ही वाटा फिरून त्याच झाडाशी येतात. मला झाडच पटतं. पिंपळगाव, वडनेर, चिंचखेड असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाला झाड पटणारच.

रोमन लोक पाचव्या शतकाच्या सुरुवातीला गेले. नंतर आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांना 'एबोर' ऐकू आलं, पण त्याचा अर्थ कळेना. त्यांच्या भाषेत जवळचा शब्द होता 'एओफर', म्हणजे रानडुक्कर. आणि 'विक' म्हणजे वस्ती, बाजारपेठ. झालं, झाडांच्या जागेची रानडुकरांची पेठ झाली. यात कुणी लबाडी केली नाही. कानाला अर्थ नसलेला आवाज सहन होत नाही, तो ओळखीचा शब्द शोधून तिथे बसवतो. इंग्लंडातल्या नावांत हा प्रकार पावलोपावली भेटतो. म्हणून एखादा अर्थ फारच चपखल बसला तर आधी विचारा, हा अर्थ पहिल्या ओळीतल्या रूपाला लागू पडतो का? 'एबुराकी'मध्ये विक नाही. रानडुक्कर तिथेच बाद.

मग ८६६ च्या नोव्हेंबरात डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांनी, शहर घेतलं. त्यांनी एओव्हरविकचं आपल्या जिभेवर योरविक केलं. नॉर्स भाषेत 'विक' म्हणजे खाडी. आता नकाशा उघडा. यॉर्क आहे ऊज आणि फॉस या दोन नद्यांच्या संगमावर, समुद्र चांगलाच लांब. खाडी नाहीच. म्हणजे तो अर्थही मागून चिकटलेला. नकाशा पाहिल्याशिवाय कुठलाही अर्थ वहीत पक्का करायचा नाही तो यासाठी.

भाचीला मी उत्तर दिलं ते असं: व्हायकिंगांनी नाव ठेवलं नाही, पण आज तू म्हणतेस तो 'यो' त्यांच्या तोंडचा. ती म्हणाली, "म्हणजे मामा, अर्धं खरं." बरोबर, अर्धं खरं.

गल्ल्या आणि आजूबाजूची गावं

शहराचं नाव एकटं पाहू नका. आपण सॉर्टर लोक वाचता न येणारं गाव शेजारच्या गावांवरून आणि तालुक्यावरून ओळखायचो, इथेही तेच कामाला येतं. यॉर्कमध्ये रस्त्यांची नावं 'गेट'ने संपतात: स्टोनगेट, मिकलगेट, कॉपरगेट. हे गेट म्हणजे दरवाजा नव्हे. नॉर्स 'गाता' म्हणजे रस्ता. तटाच्या दरवाजाला तिथे 'बार' म्हणतात. म्हणजे मिकलगेट बार हा मोठ्या रस्त्याचा दरवाजा, दारूचा गुत्ता नव्हे. आमच्या शेजाऱ्यांना ते ऐकून जरा वाईटच वाटलं.

कॉपरगेटमध्ये तांबंही नाही. तो शब्द लाकडी पेले-वाट्या करणाऱ्या कारागिरांचा. १९७६ ते १९८१ मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा व्हायकिंग काळातली लाकडी घरं वर आली, आणि त्यांबरोबर लेथवर वाटी कातताना मधे उरतो तो लाकडाचा शंकूसारखा गाभा, असे पुष्कळ तुकडे. कागदावरच्या नावाची साक्ष मातीने दिली. असं भाग्य नेहमी मिळत नाही. भाचीला मी त्या रस्त्याच्या पाटीचा फोटो पाठवायला सांगितला होता, तिने पाटीखाली हातात कॉफीचा पेला धरून काढून पाठवला.

आजूबाजूला सेल्बी, वेदरबी, व्हिटबी अशी 'बी'वाली गावं आणि बिशपथॉर्पसारखी 'थॉर्प'वाली. 'बी' म्हणजे नॉर्समध्ये गाव, 'थॉर्प' म्हणजे वाडी. ही शेपटं दाट दिसली की समजायचं, इथे नॉर्स बोलणारे नुसते लुटून गेले नाहीत, शेती करून राहिले. 'चेस्टर', 'कॅस्टर', 'सेस्टर' दिसलं तर रोमन छावणी: मँचेस्टर, लँकेस्टर, लेस्टर. 'हॅम' आणि 'टन' म्हणजे घर-वस्ती, इंग्रजांची. 'फर्ड' म्हणजे नदी पायी ओलांडायचा उतार. ऑक्सफर्ड हा बैलांचा उतार, त्यात कसलंही गूढ नाही.

उलट दिशेनेही पाहा, जुनं रूप कुठे लपून राहिलंय का. यॉर्कचे आर्चबिशप आजही सही करताना आडनावाऐवजी 'एबोर' लिहितात. यॉर्कच्या ऑगस्टमधल्या मोठ्या घोड्यांच्या शर्यतीचं नावही एबोर. आणि वेल्श भाषेत यॉर्कला अजून 'एव्ह्रोग' म्हणतात, व्हायकिंगांचा वारासुद्धा न लागलेलं. पुढची गंमत अशी की १६६४ मध्ये इंग्रजांनी अमेरिकेतलं डचांचं गाव घेऊन ड्यूक ऑफ यॉर्कच्या नावाने न्यूयॉर्क केलं, आणि वेल्श माणूस त्यालाही 'एव्ह्रोग नेविद' म्हणतो. यूचं झाड असं मॅनहटनपर्यंत पोचलं. शेजारच्या भाषेत शहराला काय म्हणतात हे म्हणूनच नक्की विचारा.

कथा वेगळ्या पानावर

प्रत्येक शहराला एक गोष्ट असते. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ नावाच्या लेखकाने लिहिलं की एब्रॉकस नावाच्या राजाने यॉर्क वसवलं. असा राजा कुठल्याच दुसऱ्या पुराव्यात नाही. नावावरून राजा तयार केलाय. नाशिककराला हे परकं वाटायला नको. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून नासिक, हे आपण आईच्या मांडीवर ऐकलेलं. दुसरं सांगतात ते नऊ टेकड्यांचं: 'नाशिक नव टेकावर वसविले', नऊ शिखरं म्हणून नवशिख, त्याचं नाशिक. मी कुठलीच कथा खोडत नाही. वहीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवतो, कारण लोकांना ती कधीपासून आणि का हवी वाटली हीही माहितीच आहे. पण ती सालाच्या रकान्यात घालायची नाही.

खरं सांगू, इंग्लंडात हात घालण्याआधी हीच वही एकदा नाशिकवर चालवून पाहा. अवघड काही नाही. पांडवलेणी चढा. एकोणिसाव्या लेण्यातल्या लेखात सातवाहन कुळातल्या कण्ह राजाचा उल्लेख आहे आणि लेणं करवणारा अधिकारी 'नासिकक', म्हणजे नासिकचा, असं म्हटलंय. अठराव्यात चैत्याच्या दारावर नासिककरांच्या दानाचा उल्लेख. हे टॉलेमीच्याही आधीचं. पहिल्या ओळीतच 'नासिक' आल्यावर नवशिखाला जागा उरत नाही, हे माझं मत. मग मोगलाईत 'गुलशनाबाद', पेशवाईत पुन्हा नाशिक. चार-पाच ओळींत पान भरतं आणि पद्धत हाताला बसते. ज्यांचे गुडघे लेणी चढू देत नाहीत त्यांनी १८८३ चं नाशिक गॅझेटियर काढावं, त्यात लेख वाचून दिलेत. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उघडं आहे, सबब चालणार नाही.

गुलशनाबादवरून डर्बीचं आठवलं. त्या गावाचं जुनं इंग्रजी नाव होतं नॉर्थवर्दी. डेन आले, त्यांनी 'देओराबी' म्हटलं, आणि इथे नवं नाव टिकलं, जुनं बुडालं. म्हणजे दर वेळी यॉर्कसारखा एकच धागा सापडेल असं नाही. दोन ओळींत काही केल्या नातं दिसेना, तर नाव बदललंय का हे तपासा, ओढून-ताणून जोडू नका.

कुठलं शहर आधी घ्यावं

पहिल्यांदाच करणाऱ्याने नॉटिंगहॅम घ्यावं. दहा मिनिटांचं काम. डोम्सडेत ते 'स्नॉटिंगेहॅम' आहे: स्नॉट नावाच्या माणसाच्या लोकांची वस्ती. विल्यम राजाबरोबर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांना सुरुवातीचा 'स्न' जमेना, 'स' गळला. शेजारच्या स्नेंटनने मात्र तो सोडला नाही, त्याच्याही पोटात हाच स्नॉट आहे. इंग्रजीत आज त्या शब्दाचा अर्थ शेंबूड, त्यामुळे नाकावरून नाशिकला कुणी चिडवलं तर नॉटिंगहॅमचं उत्तर खिशात असू द्या.

लंडन पहिल्या फटक्यात घेऊ नका. रोमन काळातलं 'लाँदिनिउम' मिळतं, पण त्याच्या अर्थावर पंडितांचं अजून एकमत नाही, आणि तुमचा उत्साह तिथेच संपेल.

पोरगं मिल्टन कीन्समध्ये असेल तर लोक सांगतील, नवं शहर आहे, १९६७ मध्ये ठरवलं, एका कवीचं आणि एका अर्थशास्त्रज्ञाचं नाव जोडून केलं. शहर नवं हे खरं. नाव मात्र तिथल्या जुन्या खेड्याचं. डोम्सडेत ते 'मिडेलटोन' आहे, मधलं गाव, आणि कीन्स हे पुढे तिथली जमीन धरलेल्या नॉर्मन घराण्याचं, काहाइन्यांचं नाव. वहीत साल घालून पाठवा, पोरगं ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटेल.